थेंबांचा हिशेब : इव्हान पाव्हलॉव्ह

(शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह यांची २६ सप्टेंबर रोजी जयंती. त्यानिमित्त विशेष लेख)

चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. ज्याने चिंच कधी चाखलीच नाही त्याच्या तोंडाला मात्र त्या नावाने काहीही होत नाही. नाव आणि लाळ यांच्यातील हा दुवा माणूस जन्माला येताना घेऊन येत नाही. तो अनुभवातून जुळतो. हे सर्वांनाच ठाऊक होते. परंतु या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे नियम असतात, ते मोजता येतात आणि त्यांच्या वाटेने मेंदूच्या व्यवहारापर्यंत पोहोचता येते, असे मानून त्यावर आयुष्याची अखेरची तीस-पस्तीस वर्षे खर्च करणारा माणूस एकच होता. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अभिजात अभिसंधान या नावाने जे प्रकरण असते, ते इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या या हट्टाचे फळ आहे. गंमत अशी की, स्वतः पाव्हलॉव्ह यांना मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेणे मुळीच रुचले नसते.

मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझान या गावी २६ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील प्योत्र हे चर्चचे धर्मोपदेशक, आई वार्वारा हीसुद्धा उपाध्यायाच्याच घरातील. मोठ्या कुटुंबातील हे थोरले अपत्य. लहानपणी उंचावरून फरशीवर पडल्याने प्रकृती इतकी ढासळली की, मुलाला वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत शाळेत घालता आले नाही. एका मठाचे प्रमुख असलेल्या धर्मपित्याने त्याला आपल्याजवळ नेले, व्यायामाला लावले आणि हाती पुस्तके दिली. पुढे रीतीप्रमाणे रियाझानच्या धर्मविद्यालयात प्रवेश झाला आणि हाही मुलगा वडिलांच्या वाटेने धर्मोपदेशक होणार, असे घरच्यांनी गृहीत धरले.

ते घडले नाही, कारण काळ बदलला होता. दुसऱ्या अलेक्झांडर झारच्या सुधारणांनी रशियातील तरुण मने ढवळून निघाली होती. दिमित्री पिसारेव्ह यांच्या लेखांनी विज्ञानाची ओढ लावली होती. १८६३ साली इव्हान सेचेनॉव्ह यांनी मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. विचार, इच्छा, भावना ज्यांना म्हणतात त्या साऱ्यांच्या मुळाशी प्रतिक्षिप्त क्रियाच असाव्यात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या पुस्तकात प्रयोगांपेक्षा तर्क अधिक होता. पण धर्मविद्यालयातील त्या विद्यार्थ्याच्या मनात ते रुतून बसले. १८७० साली धर्मविद्यालय सोडून पाव्हलॉव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकण्यास गेले.

तेथे त्यांना इल्या त्सिऑन हे गुरू भेटले. शस्त्रक्रियेत त्सिऑन यांचा हात विलक्षण सफाईदार होता. पाव्हलॉव्ह डावखुरे, त्यांनी दोन्ही हात सारखे तयार केले आणि पुढे त्यांच्या शस्त्रक्रिया पाहणाऱ्यांना, त्या सुरू कधी झाल्या आणि संपल्या कधी, हे कळत नसे. विद्यापीठात असतानाच स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवरील कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर वैद्यकीय पदवी, बोत्किन यांच्या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या अपुऱ्या साधनांच्या प्रयोगशाळेतील वर्षे, १८८३ साली हृदयाच्या मज्जातंतूंवरील प्रबंध आणि १८८४ ते १८८६ या काळात जर्मनीत हायडेनहाइन व लुडविग यांच्या हाताखाली काम, असा प्रवास झाला. संसार मात्र ओढग्रस्तीचा होता. १८८१ साली त्यांनी सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी विवाह केला. पगार तुटपुंजा आणि व्यवहारज्ञान त्याहून तुटपुंजे! पहिला मुलगा लहानपणीच दगावला. स्थिर पद मिळाले ते चाळिशी ओलांडताना, १८९० साली, लष्करी वैद्यकीय अकादमीत. पुढच्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरक्रिया विभागाची सूत्रेही त्यांच्याकडे आली.

त्या काळी पचनाचा अभ्यास म्हणजे बहुधा प्राण्याला भूल देऊन, कापून, मरता मरता जे दिसेल ते टिपून घेणे असे. पाव्हलॉव्ह यांची तक्रार अशी की, यातनेत असलेला प्राणी निरोगी शरीराविषयी काय सांगणार? त्यांनी शस्त्रक्रिया करून कुत्र्याला बरे होऊ दिले आणि मग कित्येक महिने, कधी वर्षे, त्याच्यावर निरीक्षणे केली. जठराचा एक कप्पा वेगळा करून, पण त्याचे मज्जातंतू शाबूत ठेवून, त्याचे तोंड पोटाच्या बाहेर आणायचे, ही त्यांची कीर्तिमान शस्त्रक्रिया. ती ज्या कुत्र्यावर पहिल्यांदा यशस्वी झाली त्याचे नाव द्रुझोक, म्हणजे छोटा मित्र. दुसऱ्या प्रयोगात अन्ननलिका गळ्याशी उघडलेली असे. कुत्रा खात राही, घास बाहेर पडत राही. पोटात कणही जात नसे, तरी जठररस भरभरून वाहू लागे. अशा रीतीने मिळालेला शुद्ध जठररस अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई आणि त्या पैशावर प्रयोगशाळेचा काही खर्च भागे.

हे सारे एकट्याने होणारे काम नव्हते. डॉक्टरेटसाठी दोनेक वर्षे मिळालेले तरुण डॉक्टर येत, त्यांना एकेक प्रश्न आणि एकेक कुत्रा नेमून दिला जाई. १९०४ पर्यंत असे शंभराच्या आसपास सहकारी तेथून गेले. पाव्हलॉव्ह प्रयोगशाळा एखाद्या गिरणीच्या शिस्तीने चालवीत. उशीर करणाऱ्यावर जाहीरपणे भडकत आणि थोड्या वेळाने तितक्याच सहजपणे विसरून जात. १८९७ साली पाचक ग्रंथींवरील व्याख्यानांचा ग्रंथ आला आणि १९०४ साली नोबेल पारितोषिक. ते मिळविणारे ते पहिले रशियन. पारितोषिकाचा विषय पचनक्रिया हा होता, लाळ आणि घंटा नव्हे, हे आजही अनेकांना आश्चर्यकारक वाटते.

मात्र त्या वेळी पचनातील त्यांच्या मुख्य सिद्धांताला तडा गेलेला होता. स्वादुपिंडाचा रस मज्जातंतूंच्या आज्ञेने स्रवतो, असा त्यांचा आग्रह. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की, मज्जातंतू तोडले तरी आतड्यातून रक्तात उतरणारे एक रसायन तेच काम करते. पाव्हलॉव्ह यांनी आपल्या प्रयोगशाळेत तो प्रयोग करवून घेतला, इंग्रजांचे बरोबर असल्याचे मान्य केले आणि हळूहळू त्या विषयाकडे पाठ फिरवली. नव्या विषयाची ओढ होतीच. पण या पराभवाचाही त्यात वाटा असावा.

नवा विषय प्रयोगशाळेत अडचण म्हणून शिरला होता. लाळ केव्हा व किती सुटते हे मोजताना असे आढळे की, घास तोंडात पडण्याआधीच लाळ गळू लागते. अन्न दिसताच, भांडे दिसताच, कधी तर खाऊ घालणाऱ्या नोकराच्या पावलांच्या आवाजानेच. मोजमाप बिघडविणाऱ्या या लाळेला तेथे मानसिक स्राव म्हणत. वोल्फसन या सहकाऱ्याने तिचा शोध घेतला तेव्हा दिसले की, ही लाळही नेमकी असते. कोरड्या पदार्थाच्या दर्शनाने जशी लाळ सुटते, तशी ओल्या पदार्थाच्या दर्शनाने नाही. मग प्रश्न आला, कारण काय सांगायचे? स्नार्स्की नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे, कुत्र्याला आठवण होते, इच्छा होते, म्हणून लाळ सुटते. पाव्हलॉव्ह यांना हे पटेना. कुत्र्याला काय वाटते हे ठरविणार कोण? प्रत्येक जण आपल्याच मनातले कुत्र्याच्या मनात घालणार, आणि वाद मिटवायला साधन नाही. लाळेचे थेंब मात्र दोघांनाही सारखेच मोजता येतात. गुरू-शिष्यांत मतभेद झाला तो कायमचा. पुढे प्रयोगशाळेत कुत्र्याला वाटले, त्याने ओळखले, त्याला हवे होते अशा शब्दांना बंदी झाली. साठीकडे झुकलेल्या, कीर्तीच्या शिखरावर असलेल्या माणसाने आपले निश्चित क्षेत्र सोडून असे अनिश्चित क्षेत्र स्वीकारणे अनेक हितचिंतकांना वेडेपणाचे वाटले.

१९०२ साली तोलोचिनॉव्ह यांनी हेलसिंकी येथील परिषदेत पहिले निष्कर्ष मांडले; १९०३ साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत पाव्हलॉव्ह स्वतः बोलले. तोंडात आम्ल पडले की लाळ सुटणे ही जन्मजात, बिनशर्त प्रतिक्षिप्त क्रिया. ठोक्यांच्या आवाजाने लाळ सुटणे ही सशर्त. मूळ रशियन शब्दाचा अर्थ अटीवर अवलंबून असलेली, असा आहे. इंग्रजी भाषांतरात या शब्दाला घडवलेली, सवय लावलेली अशी छटा आली आणि तीच जगभर रूढ झाली. हा फरक किरकोळ नाही. पाव्हलॉव्ह यांना जे दिसले ते सवयीचे यंत्र नव्हते. अटी पाळल्या तर जुळणारा आणि अटी मोडल्या की सुटणारा दुवा होता.

प्रयोग असा होई. लहानशा शस्त्रक्रियेने लाळेची एक नलिका गालाबाहेर आणलेली असे. तेथे मेंदेलेयेव्ह यांच्या नावाच्या लुकणाने एक छोटे नरसाळे चिकटवीत. कुत्रा पट्ट्यांनी सैलसर बांधून चौकटीत उभा. मेट्रोनोमचे ठोके सुरू होत आणि काही सेकंदांनी मांसाची पूड समोर येई. काही फेऱ्यांनंतर नुसत्या ठोक्यांनीही थेंब पडू लागत. घंटा कधीच वापरली नाही असे नव्हे. पण मेट्रोनोम, गुणगुणणारी विद्युत यंत्रे, दिवे, कातडीला होणारा हलका स्पर्श हीच त्यांची नेहमीची साधने होती. ज्यांची तीव्रता व वेळ नेमकेपणाने ठरविता येते अशीच साधने त्यांना हवी असत.

मग एकेक अट उलगडत गेली. ठोके अन्नाच्या आधी यावे लागतात. अन्न आधी आणि ठोके मागून आले तर दुवा जुळत नाही. ठोके वाजत राहिले आणि अन्न येईनासे झाले, की थेंब कमी होत होत थांबतात. याला विलोपन म्हणतात. परंतु कुत्र्याला थोडा वेळ विसावा दिला की विझलेली प्रतिक्रिया आपोआप काही अंशी परतते. म्हणजे दुवा पुसला गेला नव्हता; त्यावर दुसरे काहीतरी येऊन बसले होते. पाव्हलॉव्ह यांनी त्याला निरोध म्हटले आणि न होणारी क्रिया हीसुद्धा मेंदूची क्रियाच असते, असे मांडले. त्यांच्या साऱ्या कामातील सर्वांत खोल आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असावा. एका स्वराने शिकलेला कुत्रा जवळपासच्या स्वरांनाही प्रतिसाद देतो, हे सामान्यीकरण. एका स्वरानंतर अन्न आणि दुसऱ्यानंतर काहीच नाही, असे चालू ठेवले की तो दोहोंत भेद करू लागतो, हे विभेदन.

अटींची ही यादी किती नाजूक आहे, याचा प्रत्यय एका विनोदी प्रकारातून येई. एखादा सहकारी आपला यशस्वी प्रयोग दाखवायला पाव्हलॉव्ह यांना उत्साहाने बोलावी, आणि नेमका त्याच वेळी कुत्रा ढिम्म राही. कारण पाव्हलॉव्ह स्वतःच. खोलीत नवा माणूस आला की कुत्रा कान टवकारून त्याच्याकडे पाहत बसे आणि लाळ आटे. नवीन काय आहे हे तपासण्याची ही उपजत क्रिया ओळखल्यावर प्रयोगकर्ता आणि कुत्रा वेगळे ठेवणे भाग पडले. मॉस्कोतील एका विज्ञानप्रेमी संस्थेच्या देणगीतून जाड भिंतींची, भोवती चर खणलेली खास इमारत १९१० पासून उभी राहू लागली. तिला मौनाचा मनोरा हे नाव पडले.

१९१४ साली शेंगर-क्रेस्तोव्हनिकोवा या सहकारी महिलेने एक प्रयोग केला. कुत्र्याला वर्तुळ दाखविल्यावर अन्न मिळे, लंबवर्तुळ दाखविल्यावर मिळत नसे. कुत्रा सहज भेद करू लागला. मग लंबवर्तुळ टप्प्याटप्प्याने गोलाकार करीत नेले. त्याच्या अक्षांचे प्रमाण ९ : ८ वर आले आणि तेथे अडले. तीन आठवडे हा सराव चालला. जमणे दूरच, आधीचे सोपे भेदही नाहीसे झाले. एरवी शांत उभा राहणारा तो कुत्रा केकाटू लागला, अंगाला हिसडे देऊ लागला, उपकरणांच्या नळ्या चावू लागला. त्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. केवळ होय आणि नाही यांतील अंतर मिटवले होते. प्रयोगजन्य मज्जाविकृतीचा हा आरंभ. पाव्हलॉव्ह यांचे लक्ष येथून मनोरुग्णांकडे वळले आणि उतारवयात ते नियमितपणे मनोरुग्णालयांत जाऊ लागले.

१९१७ च्या क्रांतीने सारे विस्कटले. नोबेलची रक्कम बुडाली. पेट्रोग्राडमध्ये ना सरपण ना अन्न. प्रयोगांतील कुत्री भुकेने मरू लागली. पाव्हलॉव्ह संस्थेच्या आवारात स्वतः भाजीपाला पिकवीत. एक मुलगा या काळात दगावला, दुसरा श्वेत सेनेत गेला व परागंदा झाला. १९२० साली, सत्तरी उलटलेली असताना, त्यांनी देश सोडून जाण्याची परवानगी मागितली. असा शास्त्रज्ञ हातचा जाणे नव्या राजवटीला परवडणारे नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीने त्यांच्या कामासाठी विशेष सवलतींचा हुकूम निघाला. खास शिधा घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. सहकाऱ्यांना मिळत नाही ते आपण खाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

पुढची पंधरा वर्षे हा विलक्षण करार चालला. सरकार पैसा देत राहिले आणि पाव्हलॉव्ह सरकारवर टीका करीत राहिले. १९२३ साली विद्यार्थ्यांसमोरच्या व्याख्यानांत त्यांनी मार्क्सवादाच्या शास्त्रीयतेच्या दाव्याचे वाभाडे काढले. धर्मोपदेशकांच्या मुलांना लष्करी वैद्यकीय अकादमीतून काढून टाकण्यात आले, तेव्हा आपणही धर्मोपदेशकाचेच पुत्र असल्याचे सांगून त्यांनी प्राध्यापकपद सोडले. डिसेंबर १९३४ मध्ये अटकसत्रे सुरू झाल्यावर त्यांनी थेट सरकारला पत्र लिहून दहशतीचा निषेध केला. अनेक अटक झालेल्यांसाठी त्यांनी रदबदली केली. दुसरा कोणी असता तर यातील एकेक गोष्ट प्राणावर बेतली असती. तरीही, कोल्तुशी येथे शासनाने त्यांच्यासाठी विज्ञाननगरीच उभारली आणि अखेरच्या वर्षांत विज्ञानाला मिळालेल्या या पाठबळाचे त्यांनी जाहीर कौतुकही केले. हे कौतुक कृतज्ञतेचे होते, थकव्याचे होते की युद्धाच्या सावटातील देशप्रेमाचे, याचा निवाडा चरित्रकारांनाही सोपा गेलेला नाही.

मधल्या काळात निसर्गाने एक प्रयोग केला. २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेवा नदीला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी छतापर्यंत चढले. सुटका करायला आलेल्यांना त्यांची डोकी पाण्याखाली दाबून दारातून बाहेर ओढावे लागले. कुत्री वाचली, परंतु प्रयोग पुन्हा सुरू झाले तेव्हा काहींच्या मेहनतीने जुळविलेल्या सशर्त प्रतिक्रिया नाहीशा झाल्या होत्या. त्या हळूहळू पूर्ववत झाल्यावर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याचा बारीक ओघळ सोडण्यात आला. कुत्रा कासावीस झाला आणि सारे शिकलेले पुन्हा ढासळले. सर्व कुत्र्यांवर मात्र सारखा परिणाम झाला नव्हता. तेव्हापासून पाव्हलॉव्ह यांनी मज्जासंस्थेच्या स्वभावभेदांवर अधिक भर दिला.

त्यांचे इंग्रजीतील व्याख्यानसंग्रह १९२७ व १९२८ साली प्रसिद्ध झाले, त्याआधीच अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी ही पद्धत उचलली होती. १९२० साली त्यांनी व रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखविताना मागे लोखंडी गजावर हातोडा मारून उंदराची धास्ती शिकविली. ती धास्ती घालविण्याचे कष्ट मात्र त्यांनी घेतले नाहीत. ते काम १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी दुसऱ्या मुलाच्या बाबतीत केले. आवडता खाऊ समोर ठेवून ससा रोज थोडा जवळ आणला. भीतीच्या आजारांवरील आजच्या वर्तनोपचारांचा उगम येथे सापडतो. पुढे १९६८ साली रॉबर्ट रेस्कॉर्ला यांनी दाखविले की, दोन गोष्टी केवळ एकत्र घडणे पुरेसे नाही. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत असेल तरच दुवा जुळतो. त्याच सुमारास जॉन गार्सिया यांच्या उंदरांनी चवीचा आणि कित्येक तासांनी उठलेल्या मळमळीचा संबंध जोडून दाखविला. अटींची यादी पाव्हलॉव्ह यांना वाटली त्याहून लांब निघाली.

ऑगस्ट १९३५ मध्ये लेनिनग्राड व मॉस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे पाव्हलॉव्ह २७ फेब्रुवारी १९३६ रोजी लेनिनग्राड येथे न्यूमोनियाने वारले. वय ८६. चौदा वर्षांनी, १९५० च्या उन्हाळ्यात, दोन अकादमींचे संयुक्त अधिवेशन भरवून त्यांचे मत हेच शरीरक्रियाशास्त्राचे अधिकृत मत ठरविण्यात आले. त्यापासून ढळल्याचा ठपका ठेवून ज्यांना पदांवरून दूर केले, त्यांत लिऑन ओर्बेली हे त्यांचे प्रमुख शिष्यही होते.

सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत एक स्मारक आहे. पाव्हलॉव्ह यांच्या सूचनेवरून ते १९३५ साली, त्यांच्या हयातीतच उभारले गेले. चौथऱ्याच्या बाजूंवर प्रयोगशाळेतील देखावे कोरलेले आहेत आणि वर एक कुत्रा बसलेला आहे.